सदतीस दातांचं चाक

काम चालू असताना किस्से कुणाला सुचत नाहीत. हात ग्रीसने भरलेले असतात, डोकं नटबोल्टात अडकलेलं असतं. काम संपून चार-सहा महिने झाले की मग कुणीतरी चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतं, "मिस्तरी, ते हवालदाराचं सांगा की," आणि एकामागून एक निघत जातात. वारंगा फाट्याच्या पार्कातल्या घोड्यांच्या चक्रीचं आमचं तसंच झालंय.

आम्ही तिघं. मी साखर कारखान्यातून रिटायर झालेला फिटर. दुसरे लक्ष्मणराव सुतार. तिसरे गफूरभाई पेंटर, ज्यांची हयात ट्रक रंगवण्यात गेली. आठ महिने खपून आम्ही ती जुनी चक्री उभी केली. लोकांना सांगताना हसतो. घरी जाताना मात्र ज्याला त्याला आपलाच किस्सा बोचतो.

चक्री रेसची होती. लाकडी बारा घोडे, तीन-तीनच्या चार रांगा. प्रत्येक रांगेत एक लाल, एक पांढरा, एक काळा. चक्री फिरायला लागली की घोडे खालच्या खाचेतून मागेपुढे सरकायचे. कधी हा पुढे, कधी तो. दहा फेऱ्या झाल्या की घंटा. घंटेला ज्याचं तोंड पुढे, तो जिंकला. जत्रा-बाजार फिरून थकलेली ही चक्री एका शेडमध्ये पडून होती. पार्कच्या मालकांनी ती लहानपणी पाहिलेली, म्हणून उचलून आणली.

* * *

ती आली तोच एक किस्सा. फाट्यावर हवालदाराने गाडी अडवली आणि ड्रायव्हरला विचारलं, आत काय आहे. तो म्हणाला, घोडे. किती? बारा. एका गाडीत बारा घोडे कोंबलेत म्हटल्यावर हवालदाराचं डोकं फिरलं. जनावरांचे कागद काढ, डॉक्टरचा दाखला दाखव, यांना पाणी कधी पाजलंस ते सांग. ड्रायव्हर परमुलखातला. तो आपला "लकडी, लकडी" करत राहिला. हवालदाराला वाटलं, घोड्यांखाली चोरीचं लाकूडपण आहे!

फोन आला म्हणून मी धावत गेलो आणि ताडपत्री वर केली. हवालदाराने आत डोकावून घोडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "बाळापूरच्या बाजारात यायची, ती ही का?"

मी व्हय म्हणालो. त्याने रस्त्याकडे एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि मागच्या फळीवरून आत चढला. पाच मिनिटं फाट्यावरची ट्रॅफिक मी सांभाळली.

* * *

गफूरभाईंनी रंग खरवडायला घेतला. एकावर एक सात थर निघाले. मालकांना घाई, म्हणून गफूरभाईंनी घासायची मशीन लावली आणि दोन दिवसांत चार घोडे लाकडापर्यंत साफ केले. आम्ही शाबासकी दिली.

पाचव्या घोड्याच्या वेळी लाईट गेली. रिकामं काय बसायचं, म्हणून ते हाताने पॉलिश पेपर घासत बसले. छातीवरच्या पट्ट्यावर काहीतरी दिसायला लागलं. त्यांनी चष्मा पुसला, कापडाने धूळ झटकली आणि वाचलं. उर्दूत नाव होतं. बादल.

पुढच्या सात घोड्यांवर सात नावं निघाली. आता पहिल्या चौघांची काय होती, ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. मालक म्हणाले, तुम्हीच चार नावं टाका, कुणाला कळतंय. गफूरभाईंनी आठ पट्ट्यांवर सोनेरी अक्षरं काढली आणि चार पट्टे नुसते लाल सोडले.

"उनके नाम थे," ते म्हणाले. "मेरे हात से गये. दुसरे कैसे रखू?"

आजही पार्कात आले की ते त्या चार घोड्यांच्या बाजूने जात नाहीत.

* * *

लक्ष्मणरावांची चूक तर त्यांच्या नातीनेच दाखवली. सगळ्या घोड्यांच्या मानेवर दोन्ही बाजूंना खोलगट खळगे होते. त्यांना वाटलं, लाकूड कुजलंय. त्यांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, पुन्हा भरली. मान अशी गुळगुळीत केली की त्यात तोंड दिसावं. मी स्वतः हात फिरवून म्हणालो, सुतार असावा तर असा.

ट्रायलच्या दिवशी त्यांनी कौतुकाने नातीला बसवलं. चक्री जराशी हलली तशी ती एका बाजूला सरकली. दोन्ही हात मानेवरून निसटत होते. रडवेल्या आवाजात म्हणाली, "आबा, धरू कुठं?"

लक्ष्मणराव तिला उतरवून घोड्यासमोर उभे राहिले. किती वर्षं किती लेकरांनी तिथं बोटं रुतवून ते खळगे पाडले असतील! दुसऱ्या दिवसापासून ते पटाशी घेऊन लांबी उकरायला बसले. खळगे पुन्हा झाले, पण ते पटाशीचे.

* * *

आता माझं.

बाळापूरजवळच्या एका गावात कोंडिबा म्हणून म्हातारे होते. ही चक्री हाताने फिरवली जायची तेव्हा मधल्या खांबाजवळ उभं राहून वीस-पंचवीस वर्षं त्यांनीच फिरवलेली. चक्री परत आलीय हे कानावर गेलं तसे ते एस.टी.ने यायला लागले. बाहेर एका उलट्या ड्रमवर बसायचे. आम्ही म्हणायचो, बसा बाबा, फक्त हात लावू नका, लोखंड आहे, लागेल. ज्या माणसाने जन्मभर ते लोखंड ओढलं, त्याला आम्ही हे सांगत होतो.

खालचं मोठं दात्यांचं चाक मी काढलं, ते झिजलेलं होतं. दात मोजले तर सदतीस. हा आकडा मला पटेना. छत्तीसचं चाक नांदेडला तयार मिळत होतं, मी तेच सांगितलं. कोंडिबांनी ऐकलं. ड्रमवरून उठून जवळ आले.

"मिस्तरी, ते सदतीसच राहू द्या."

मी विचारलं, काहून?

ते सांगायला लागले. पण त्यांचं बोलणं लांबायचं, आधी कुठली तरी जत्रा यायची, मग कुठला तरी मालक. मला नांदेडची गाडी धरायची होती. मी म्हणालो, "बाबा, मी तीस वर्षं मशिनरी पाहिलीय. ते बनवणाऱ्याच्या हातून चुकलंय."

ते परत ड्रमवर जाऊन बसले.

* * *

उद्घाटनाला मालकांनी मंडप टाकला, गावोगावची लेकरं आली. पहिली रेस लाल घोडा जिंकला. टाळ्या पडल्या. दुसरी रेस, लाल. तिसरी, लाल. चारही रांगांत लाल! चौथ्या वेळी काळ्या-पांढऱ्यांवर बसायला एक लेकरू तयार होईना आणि लालसाठी दोन आया एकमेकींशी भांडल्या.

मी खाली बसलो. तिथंच जमिनीवर काडीने हिशोब मांडला. घोडे सरकवणाऱ्या लहान चाकाला बारा दात. छत्तीसला बाराने बरोबर भाग जातो, म्हणजे घोडे दर फेरीला जिथले तिथं येणार. सदतीस असले की दर फेरीला एका दाताचा फरक पडतो, आणि कोण जिंकेल ते कुणालाच सांगता येत नाही. बनवणाऱ्याची चूक नव्हती ती. तोच एक दात म्हणजे रेस होती.

मान वर केली तर कोंडिबा ड्रमवर नव्हते. गेटवरचा माणूस म्हणाला, ते तिसऱ्या रेसनंतरच उठून गेले.

* * *

सदतीसचं चाक बनवून घ्यायला महिना गेला. बसवलं, चालवून पाहिलं, काळा जिंकला, मग लाल, मग पांढरा. मग मी कोंडिबांना आणायला गेलो. चाक बसल्याशिवाय तोंड कसं दाखवायचं, म्हणून महिनाभर गेलो नव्हतो.

दारात शेळ्या बांधलेल्या. सूनबाईने पाणी दिलं आणि सांगितलं की मामंजींना जाऊन बारा दिवस झाले. शेवटी शेवटी ते चक्रीचं बोलायचे का, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. नाही म्हणाली असती तरी तकलीफ, व्हय म्हणाली असती तरी.

* * *

त्यानंतर दोनेक महिन्यांनी दुपारच्या वेळी एक म्हातारी पार्कात आली. सोबत तीच सूनबाई होती, म्हणून ओळखलं. कोंडिबांच्या घरच्या, गिरजाबाई. नवरा सुगी संपली की चक्रीबरोबर जायचा तो पाऊसकाळ तोंडावर आला की परतायचा. लेकरं, शेळ्या, शेताचा तुकडा सगळं त्यांच्यावर. चक्री त्यांनी कधी पाहिलीच नव्हती.

लक्ष्मणरावांनी घोड्यावर बसायला स्टूल आणून ठेवलं. गिरजाबाई नको म्हणाल्या. सगळ्या घोड्यांच्या भोवतीने एक चक्कर मारली, एकालाही हात लावला नाही. मग मला विचारलं, "ते कुठं उभं राहायचे?"

मधल्या खांबाभोवती रंगीत फळ्यांचा आडोसा आहे, पहिल्यापासूनचाच. एक फळी सरकवून मी त्यांना वाकून आत नेलं आणि जागा दाखवली. तिथली जमीन एकाच ठिकाणी पायांनी घासून खाली गेली असेल म्हणावं, तर ही जागा नवी, सिमेंटची. तरी त्या तिथं उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आता फिरवा.

मी बाहेर येऊन बटण दाबलं. दहा फेऱ्या झाल्या. घंटा वाजली. बाहेर लेकरं ओरडली, कोणीतरी जिंकलं होतं.

फळी सरकवली तर गिरजाबाई तशाच उभ्या होत्या, तोंड फळ्यांकडे.

"मिस्तरी," त्या म्हणाल्या, "हितून तर कोणताच घोडा दिसत न्हाई."