भावाचं रक्त अन् आठची गोळी

त्या दिवशी आभाळ कोरडं ठणठणीत होतं. ऊन चटके देत होतं अन् कापूस फुटून वावरं पांढरी होऊ लागली होती. अशात माझी लेक सुनीता नागपूरच्या दवाखान्यातून घरी आली, ती जीपमधून छत्री उघडूनच उतरली. शेजारच्या कमलाबाई म्हणाल्या, "पाऊस नाही, पाणी नाही, छत्री कायले वो पोरी?"

ऊन लागलं तर आजार उठतो, असं डॉक्टरनं सांगितलं होतं.

कापसाचं काही खरं नव्हतं ती वर्षं. गावात दोघं भेटले की कापसाचंच बोलायचे. आमच्या दारात मात्र सुनीताच्या गोळीचं बोलणं. माणसं येत गेली, किस्से साचत गेले. मले लिहिता येत नाही. मी सांगतो, पोरगा विठ्ठल लिहून राह्यला.

*

सुनीताचं रक्तच बिघडलं होतं, म्हणून नागपूरला विठ्ठलच्या हाडातला मगज तिला दिला होता. डॉक्टरनं समजावलं, "आता हिचं रक्त भावाच्या मगजातून तयार होणार. त्या रक्तातले शिपाई हिच्या अंगालाच परकं समजून मारायला धावू शकतात. कातडी, पोट, लिव्हर. ही गोळी त्यांना दाबून ठेवते."

विठ्ठलचं तोंड उतरलं. "म्हणजे मी आतून बी हिच्याशी भांडून राह्यलो?"

सुनीता म्हणाली, "बाहेरून काय कमी भांडला तू!"

*

गोळी सकाळी आठला अन् संध्याकाळी आठला. वेळ चुकवायची नाही. संध्याकाळी विठ्ठल घरी असे, सकाळी तो वावरात. मले घड्याळ समजत नाही. मग मी आर्णीच्या एसटीवर भरवसा ठेवला. आठची गाडी फाट्यावर हॉर्न वाजवी, की मी गोळी देई.

एक दिवस हॉर्नच नाही! सुनीता गुंगीत पडलेली. मी आपला ओसरीवर कान देऊन बसलो. तेवढ्यात मोटारपंप दुरुस्त करणारे रशीदभाई आले.

"काका, कोणाची वाट पाहून राह्यले?"

"आठ वाजायची."

"दहा वाजले ना काका! गाडी तिकडं पंक्चर होऊन पडली."

मी धावत आत गेलो अन् सुनीताला उठवून गोळी दिली. दुसऱ्या दिवशी रशीदभाईनं गजराचं घड्याळ आणून खुंटीला टांगलं. म्हणाले, "काका, ये पंक्चर नहीं होती!"

*

कमलाबाईनं तांब्याभर गुळवेलीचा काढा आणला. "पोरीची ताकद वाढन."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणते, अंगातली झगडायची ताकदच सध्या दाबून ठेवायची. त्याले विचारल्याशिवाय पाला-मुळी काही द्यायचं नाही."

"ताकद कमी करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच ऐकून राह्यली!"

बाईचं मन दुखू नये म्हणून तो काढा मीच पिऊन टाकला. कडू जहर! तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या तोंडावर तेज दिसून राह्यलं!"

पण पोरीला बाहेरचा रोग लागू नये म्हणून घरात कोणालाच घ्यायचं नव्हतं, त्यांनाही नाही. त्याचा त्यांना राग आला. मग त्या कुंपणापलीकडूनच बोलायच्या अन् सुनीता ओसरीच्या सावलीत बसून ऐकायची.

*

कापसाची पहिली वेचणी आली. वेचणीआधी बाया वावरात सीतादई पुजतात, दहीभात शिंपडतात. आमच्याकडं ते काम सुनीताचं. औंदा तिला दही बंद, माती बंद, ऊन बंद. कमलाबाई म्हणाल्या, "मी करतो तुमच्या वावरात."

पूजा करून त्या परत आल्या, कुंपणाशी थांबल्या. सुनीतानं ओसरीवरूनच हात जोडले. त्या म्हणाल्या, "जोडू नको. उघड हात. असे उजेडात धर."

सुनीतानं हात पुढे केले.

"भाऊ, जीप बोलवा."

"काहून?"

"तळहात पाहा पोरीचे. काल असे लाल नव्हते."

डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी रोज सकाळी तिचे डोळे, तिची कातडी पाहत होतो. पण घरात सगळीकडं पडदे लावलेले, त्या अंधारात मले काही दिसलं नव्हतं. रशीदभाईनं जीप आणली. नागपूरला डॉक्टर म्हणाले, भांडण सुरू झालंच होतं, पण पहिल्याच पायरीवर सापडलं. औषध वाढवलं. हळूहळू लाली उतरली.

घरी आलो तशी मी कुंपणाशी गेलो. कमलाबाई मेथी निवडत होत्या.

"मी घरातला माणूस, मले दिसलं नाही. तुम्हाला इतक्या दुरून कसं दिसलं?"

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "घरात घेत नव्हते ना मले, भाऊ. मग काय करू? रोज इथं उभं राहून पोरीचे हातच पाहून राह्यली होती."