परतवाड्याच्या गाडीची तालीम

माझी मुलं लहान असतानाची ही गोष्ट. थोरली पाच वर्षांची होती आणि धाकटा तीनचा व्हायचा होता. आम्ही तेव्हा नागपूरला, नंदनवन भागात राहायचो. त्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या ह्यांनी चिखलदऱ्याला जायचं ठरवलं. आधी परतवाड्यापर्यंत एस.टी., मग तिथून दुसरी गाडी.

ऑफिसातल्या कुणीतरी ह्यांना सांगितलं होतं, तिकडे दातावर दात आपटतात. झालं. मी रोज रात्री स्वेटर विणत बसले आणि ह्यांनी मुलांना 'सवय' लावायला घेतली. ऑक्टोबरातल्या नागपूरच्या भर दुपारी दोन्ही पोरं स्वेटर, मोजे, कानटोपी घालून ओसरीवर बसायची. घामानं निथळायची.

"अहो, उकडून राहिलं त्यांना," मी म्हणायची.

"मंग? एकदम थंडी लागली तर पोरं आजारी नाही पडनार?"

मी पदरानं पोरांचा घाम पुसायची.

सासूबाईंची तयारी वेगळीच. पाणी बदललं की पोरं बाधतात, म्हणून घरच्या पाण्याचा भलामोठा डबा. स्टोव्ह, पिना, खिचडीचे तांदूळ, आणि वरवंटा.

"पाटा कुठंबी भेटते वं," त्या मला म्हणाल्या. "वरवंटा आपल्या हाताचा पाह्यजे."

पण ह्यांना खरी काळजी होती ती जागेची. एवढा लांबचा पल्ला, दोन लेकरं, म्हातारी आई. बसायला मिळालं नाही तर? लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, पण रुमाल कोणीही उचलून फेकतो. लेकरू कोण फेकेल? म्हणून धाकट्यालाच खिडकीतून आत सोडायचं ठरलं.

त्याची तालीम घरी सुरू झाली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे गज गंजून निघाले होते, सुतार येतो येतो म्हणत होता. हे परसातून धाकट्याला त्या खिडकीतून आत सोडायचे. आत पाट मांडलेला. त्यानं धावत जाऊन पाटावर बसायचं आणि ओरडायचं, "जागा आमची!" त्यामागून मी थोरलीचा हात धरून दारातून आत यायची. माझ्या मागे सासूबाई. शेवटी अंथरुणांचा होल्डॉल घेऊन हे. मी कणीक मळत असले तरी हात धुवून रांगेत यावं लागायचं.

"तुले कोनीबी उठ म्हनलं तरी उठाचं नाही," हे धाकट्याला बजावायचे. "आई म्हनली तरी नाही. मी म्हनलो तरी नाही. समजलं?"

आणि मग परीक्षा घ्यायचे. "ये बेटा, चॉकलेट देतो." पोरगं उठलं की रागवायचे. दोन-तीन दिवसांत ते पक्कं तयार झालं. इतकं, की घरी कोणी पाहुणा खुर्चीवर टेकला की हा पुढ्यात उभा राहून ओरडायचा, "जागा आमची!" शेजारचे काका एकदा बिचारे उभ्यानंच चहा पिऊन गेले.

निघायच्या दिवशी गल्ली निरोपाला आली होती. कोणी तर नारळही दिला. दोन सायकलरिक्षांतून आम्ही स्टँडवर पोचलो. परतवाड्याची गाडी लागते तिथे एक गाडी येऊन थांबली आणि लोक धावले. ह्यांनी धाकट्याला खांद्यावरून उचललं, खिडकीतून आत सोडलं. मागोमाग होल्डॉल ढकलला. आतून खणखणीत आवाज आला, "जागा आमची!"

ह्यांचा चेहरा काय फुलला होता! मी सहज समोर जाऊन पाटी पाहिली. काटोल.

"अहो, ही काटोलची आहे!"

हे खिडकीकडे धावले. "बेटा, ये इकडं. लवकर."

"जागा आमची!"

"अरे, आता खरंच ये!"

पोरानं समोरच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली. चॉकलेट म्हणून झालं, मार देईन म्हणून झालं. शेवटी त्याला काढायला मी थोरलीला घेऊन आत चढले. मी चढले म्हणून तालमीप्रमाणे सासूबाई चढल्या. त्यांच्यामागे टोपल्या घेऊन बायामाणसं चढली आणि आमचा परतीचा रस्ता बंद झाला. हे पाण्याचा डबा आणि ट्रंक सावरत कसेबसे दारात लोंबकळले, तेवढ्यात घंटी वाजली.

"थांबवा! आमाले उतराचं आहे!"

"मंग चढले काहून?" कंडक्टरनं विचारलं.

ते त्याला थोडक्यात सांगण्यासारखं नव्हतं. गाडी स्टँडच्या बाहेर पडली होती. कंडक्टर तिकिटं फाडायला आला तेव्हा ह्यांच्या तोंडून "परतवाडा" निघून गेलं आणि अख्खी गाडी हसली. सासूबाई मात्र खिडकीजवळ छान बसल्या होत्या. "जागा तं चांगली भेटली बापा," म्हणाल्या.

काटोल म्हणजे नागपूरहून दीड-दोन तासांवरचं बाजाराचं गाव. तिथं उतरल्यावर मी म्हटलं, लगेच परत फिरू. पण हे तयार होईनात. गल्लीनं नारळ दिलेला, त्याच संध्याकाळी कोणत्या तोंडानं परत जायचं? आणि परतवाड्याच्या गाडीत पुन्हा जागा धरायची हौस कोणालाच उरली नव्हती. बाजाराजवळच्या धर्मशाळेत खोली मिळाली. तिथल्या म्हाताऱ्यानं आमचं सामान पाहून विचारलं, "लग्नाले आले का?"

"हवा बदलाले आलो," हे म्हणाले.

"काटोलात?" म्हातारा उठून आत गेला. मग त्यानं एक जादा सतरंजी आणून दिली.

बाजारात संत्र्यांचे डोंगर लागले होते. एका व्यापाऱ्यानं मुलांना तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगावर खेळू दिलं. डागी फळं तिथं फुकटच होती, पोरांची तोंडं दिवसभर पिवळी. सासूबाईंनी स्टोव्ह पेटवून ओसरीत बस्तान मांडलं, आणि वरवंटा आहे पण पाटा नाही म्हणून शेजारच्या बायांशी ओळखी केल्या. थंडी म्हणाल तर पहाटे जराशी. पण आणलेले कपडे वाया जाऊ नयेत म्हणून हे कानटोपी घालून भर बाजारात हिंडायचे. लोक वळून पाहायचे. मी मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदा दुपारी झोपले.

सुट्टी संपल्यावर आम्ही संत्र्यांची टोपली घेऊन घरी आलो. काका फाटकापाशीच उभे होते. "कसा काय होता चिखलदरा?"

हे खाकरले. त्यांनी काहीतरी जुळवून ठेवलं असावं. पण थोरली आधीच बोलली, "तिथं संत्र्यांचे पहाड आहेत. पण त्यावर चढू देत नाही कोणी."

काकांनी टोपलीकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे एकदम हसत सुटले. तिथंच ट्रंकेवर बसून त्यांनी सगळी हकीकत सांगितली. पुढे ऑफिसात सांगितली, लग्नाकार्यात सांगितली. दरवेळी ती थोडी वाढली. शेवटी शेवटी तर तिच्यात मला संत्र्यांचे डोहाळे लागले होते, आणि म्हणून हे मुद्दाम काटोलच्या गाडीत चढले होते.