दसऱ्याची फ्लॉपी

चंद्रभानजींबद्दल सांगायचं तर त्यांच्या हातांपासून सुरुवात करावी लागते, आणि तिथंच माझी मान खाली जाते. पवनीतल्या माझ्या छापखान्यात त्यांनी बावीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. घरी बापाचा माग होता, पण ह्यांना सुतापेक्षा अक्षरं प्यारी. शिशाचा खिळा नुसता चाचपून सांगायचे, "हा क्ष झिजला, भाऊ." बोटांची शाई घासलेटनंही निघत नसे. पंगतीत बसले की त्यांना त्या हातांची लाज वाटायची.

एकोणनव्वद साली मी कॉम्प्युटर घेतला. खिळे जाणार हे उघडच होतं. पण मी शब्द दिला होता, "चंद्रभानजी, हे मशीन तुमीच चालवा." हा गडी पन्नाशीत वही घेऊन एबीसीडी गिरवायला लागला!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नागपूरहून माणूस आला. अक्षरजुळणीचा प्रोग्राम त्यानं मशीनमध्ये भरला. तो सुरू करून दाखवणार, तर मीच अडवलं. पहिली सुरुवात मुहूर्तावर नको का? जाताना एक फ्लॉपी वेगळी देऊन तो म्हणाला, "प्रोग्राम सुरू करताना दर वेळी ही आत लागेल. किल्लीच समजा."

सकाळी पाटावर खिळ्यांची पेटी आणि शेजारी ती फ्लॉपी मांडून मी पूजा केली. पेटीला, फ्लॉपीला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. सोनं द्यायला आलेली मंडळी दाटीवाटीनं उभी होती. चंद्रभानजींनी फ्लॉपी उचलून माझ्या हातात दिली, मी ती मशीनमध्ये सारली. कर्र कर्र आवाज झाला आणि पडद्यावर इंग्रजी वाक्य आलं, किल्लीची फ्लॉपी घाला. आता आणखी कशी घालायची? मशीन बंद करून चालू केलं. वायरी काढून पुन्हा खोचल्या. शेजारच्या दुकानातला स्टॅबिलायझर आणून लावला. वाक्य हलेना. मागे कोणीतरी खुदकन हसलं.

माझं डोकं फिरलं. फ्लॉपी बाहेर काढली, तर कडेला काळ्या बोटाचा ठसा. झालं!

"ह्या शाईच्या हातानं धराले कोनं सांगतलं होतं? सत्यानाश केला!"

चंद्रभानजी नुसते फ्लॉपीकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ते आलेच नाहीत. मेहुण्याकडे साकोलीजवळच्या एकोडीला धानाच्या कामावर गेले, असं कळलं.

चार दिवसांनी नागपूरचा माणूस परत आला. फ्लॉपीच्या कव्हराला एक उघडी खाच असते, आतली चकती तिथून दिसते. त्या खाचेत काहीतरी लाल वाळलं होतं. "भाऊ, ही शाई नाही, कुंकू आहे," तो म्हणाला आणि चिमट्यानं मशीनमधून एक तांदूळही काढला. तो टिळा मीच लावला होता. मी काय म्हणालो असेन? "बायकांनी लावलं असेल." थू माझ्या जिनगानीवर.

नवी फ्लॉपी आली, प्रोग्राम सुरू झाला. साकोलीची बस रोज दुकानासमोरून जायची. मी एकदाही चढलो नाही.

माघात चंद्रभानजी स्वतःच आले. त्यांच्या मुलीची, पंचफुलाची, लग्नपत्रिका छापायची होती. आत येण्याआधी त्यांनी बाहेरच्या नळावर माती घासून हात धुतले, दोनदा धुतले, आणि दारात उभं राहून मला तळवे दाखवले. शाई केव्हाच गेली होती. आता विळ्याचे घट्टे होते.

मला राहवलं नाही. "चंद्रभानजी, चूक माही होती. ते कुकू मीच लावलं होतं."

"मालूम हाय, भाऊ. कुकाची वाटी माह्याच हातात होती. तुमी फ्लॉपी बाहेर काढली तवा लाल दिसलं मले."

"मंग बोलले काहून नाही?"

"सोनं द्याले आलेल्या लोकाइसमोर तुमाले कायले खाली पाहाले लावू?"

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, बसा, पोरीची पत्रिका तुमीच जुळवा. फ्लॉपी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"तुमीच घाला, भाऊ," ते म्हणाले. "पोरीचं लगन हाय. मशीन बिघडाले नोको."