सरळरावांच्या अंगणातलं गवत

आमच्या समोर सरळराव राहतात. पुढच्या खोलीत केस कापायचं दुकान, मागे बिऱ्हाड, बाजूला हातभर अंगण. नाव आम्हीच पाडलेलं, कारण या गृहस्थाला वाकडं काही बघवत नाही. गिऱ्हाइकाच्या मिशा तर सोडाच, रस्त्यात भेटले तर बोलता बोलता माझ्या शर्टाचा सुटलेला दोराही कापतील.

अशा माणसाने अंगणात काय लावावं? माळावरचं उंच गवत! ते त्यांच्या थोरल्या बहिणीने दिलेलं. गावाबाहेरच्या ज्या माळावर दोघं लहानपणी लपाछपी खेळली, तो नांगरला जाण्याआधी ताईंनी एक ठोंब खणून आणला. म्हणाल्या, "थंडीच्या तोंडाशी याला जांभळट तुरे येतात, माणसाच्याही वर. तेवढे एकदा परत बघू दे मला."

ठोंब जगला, फुटला, ऐसपैस पसरला. तुरा मात्र येईना. दर थंडीला ताई यायच्या, कमरेएवढ्या गवताकडे बघायच्या आणि भावावर घसरायच्या.

"खत घातलंस का?"

"नाही गं. माळावर कोण खत घालतं, असं तूच म्हणालीस ना?"

"मग तुझी मातीच खोटी. पुढच्या थंडीला तुरा दिसला नाही, तर उपटून माझ्याकडे नेणार. सांगून ठेवते."

सरळरावांचं तोंड एवढंसं झालं. माळाचं तेवढंच तर उरलं होतं.

इकडे मला चैन पडेना. तुरा जातो कुठे? लोकांच्या अंगणात डोकावू नये हे मला कळतं. पण माझी खिडकीच तिकडे उघडते, त्याला मी काय करू? उंदरांवर संशय घेतला, कोपऱ्यावरच्या शेळीवर घेतला. दोघंही निर्दोष निघाले.

मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून सरळराव फोन कानाला लावून अंगणात आले. पलीकडे ताईच होत्या. "अगं, छान वाढतंय की!" हे तोंडाने चाललेलं, आणि उजव्या हातातली कात्री आपली कचकच! डोकं वर काढलेला एकेक शेंडा खाली, सगळं गवत एका उंचीत. स्वारीचं लक्षच नाही.

मी खिडकीतून ओरडलो, "सरळराव, चोर सापडला! हातात कात्री आहे बघा त्याच्या!"

ते दचकून कुंपणाकडे बघू लागले. मग स्वतःच्या हाताकडे.

त्यांची बायको बाहेर आली. "तरीच माझा मोगरा बुटका!"

त्या दिवसापासून दारातच तपासणी सुरू झाली. "अहो, कात्री ठेवा, मग जा." सरळराव हात पाठीमागे बांधून अंगणात उभे राहत. गवत छातीपर्यंत आलं, डोक्यावर गेलं, हवं तिकडे झुकलं. फारच झालं की बिचारे डोळे मिटून घेत.

थंडी पडली आणि ताई आल्या. बराच वेळ मान वर करून तुरे बघत राहिल्या. मग पदर खोचून थेट ठोंबामागे गेल्या आणि दिसेनाशा झाल्या.

"राज्य तुझ्यावर रे!" आतून आवाज आला.

सरळराव निघाले. एक वाकडा तुरा त्यांच्या कानावर आला, तशी बोटं वळवळली.

"अहो!" दारातून बायको.

त्यांनी दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले आणि गवतात शिरले.