टोक मोडलेली भेंडी

"मावशी, हात लावू नका. काय पाहिजे ते सांगा, मी देते."

आईनं भेंडीचं टोक मोडून बघितलं होतं, एवढंच. कोवळी आहे की जून, हे बायामाणसं असंच बघतात. तिच्या आधी तिघी-चौघींनी त्याच ढिगातली टोकं मोडली होती. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं. आईनं हात मागं घ्यायच्या आत टेबलामागच्या बाईंनी समोरची सगळी भेंडी ओढली आणि खालच्या हिरव्या बादलीत टाकली. ओल्या कचऱ्याच्या.

महापालिकेच्या रविवारच्या सेंद्रिय भाजीबाजाराचा तो पहिला दिवस. घराघरातला ओला कचरा घंटागाडीनं आमच्या शेडवर येतो. आम्ही सहा बाया तो निवडतो, कुजवतो, चाळतो. ते खत कळंब्याकडच्या मळ्यांत जातं, तिथली भाजी या बाजारात येते. बाजार सुरू होतानाच महापालिकेच्या साहेबांनी माईकवर हे सांगितलं होतं. मला आणि आईला पुढं बोलावून लोकांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. टेबलामागच्या त्या बाईंनीही वाजवल्या होत्या. आम्ही कोण, ते त्यांना तिथंच कळलं होतं.

आईनं जन्मभर याच शहराचे रस्ते झाडले. त्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसून आली होती. सकाळी म्हणाली, "तुझ्या खताची भाजी आज आपुन इकत आणू." परत येताना दोन्ही हात पदराखाली घेऊन चालत होती. टेबलापाशी मी त्या बाईंना एक शब्द बोलले नव्हते. त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही.

सोमवारी घंटागाडी शेडवर रिकामी झाली आणि तीच टोकं मोडलेली भेंडी माझ्या पायाशी पडली. आई माझा डबा घेऊन आली होती. ती खाली वाकली. एकेक भेंडी झटकून पदरात घ्यायला लागली.

"चांगली हाय की. धुतली की झालं."

मी तिचा हात धरला.

"न्हाय आई. ही आपुन खायाची न्हाय."

पदर तिनं मोकळा केला. मग आम्ही दोघी त्या ढिगाशेजारी बसून रडलो.

शेडमागं आमचे भाजीचे वाफे आहेत. बाजारात टेबल मागितलं होतं, तेव्हा तुमचं काम खताचं, असं सांगून आम्हाला परत पाठवलं होतं. त्या सोमवारी दुपारी खताच्या पिशव्या न्यायला माणूस आला. मी शेडला कुलूप घातलं. बाकीच्या पाचजणी माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. साहेबांचा फोन आला, त्यांना सांगितलं, "बाजारात आमचं टेबल पायजे. भाजी आमी आमच्या हातानं देणार. तवर एक पिशवी हलणार न्हाय."

कंत्राटी काम आहे, जाईल, असं ते म्हणाले. जाऊ दे.

आई आता दारावरच्या गाडीवालीकडंही लांबूनच भाजी मागते. भेंडी मोडून बघत नाही. किती समजावलं तरी हात पुढं करत नाही.

येत्या रविवारी मी त्या बाईंच्या टेबलापुढं उभी राहणार. त्यांच्यादेखत भेंडीचं टोक मोडणार. घ्यायची की नाही, ते मी ठरवणार.