कोन्रादची जागा

गलिपच्या हंगामात सगळं गाव झाडाखाली त्याचे बदामासारखे दाणे फोडत बसतं, तेव्हा स्कोलास्टिका टोपली उचलून मळ्यात निघून जाते. तिच्या धाकट्या भावाला, कोन्रादला, हे दाणे फार आवडायचे. आमच्यात सुतक धरणारा माणूस मेलेल्याच्या आवडीची एक वस्तू सोडतो. हाडं आईच्या कुळाच्या जमिनीत पुरली, गावाला जेवण घातलं, की सुतक सुटतं. कोन्रादची हाडं मिळालीच नाहीत, म्हणून पंचवीस वर्षं तिने गलिपचा दाणा तोंडात घातलेला नाही.

इथे बूगनव्हिलमध्ये त्या युद्धाला आम्ही नुसतं ‘संकट’ म्हणतो. संकटात कागद मिळत नव्हता. मी मिशनच्या जुन्या हजेरीपटाच्या पाठीवर रोजनिशी लिहायचे. बारा फेब्रुवारीला एवढीच नोंद आहे: ‘कोन्रादला नेलं. ऊन कडक. स्कोलाने रताळी लावली.’ सरकारी सैनिकांना बातम्या पुरवतो असा संशय घेऊन बंडखोरांच्या चार पोरांनी त्याला नेलं होतं. त्यातले तिघे पुढे मेले. उरला एक बोनिफास, नदीपलीकडचा. कोन्राद कुठे पडला आहे हे त्यालाच ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे आम्हा सगळ्यांना.

पण मनं थंड करण्याचा, समेटाचा विधी होईपर्यंत मारणाऱ्याने मेलेल्याच्या माणसांशी बोलायचं नाही, नजरसुद्धा द्यायची नाही. वाटेवर स्कोला दिसली की बोनिफास झाडीत शिरायचा आणि ती पुढे गेल्यावर बाहेर यायचा. तीही मुद्दाम पावलं सावकाश टाकायची.

“मावशी,” ती मला मोठ्याने म्हणायची, “झाडीत काहीतरी हललं बघा. रानडुक्कर असेल. म्हातारं दिसतंय.”

मग सरकार गावात आलं. आता आमच्या प्रत्येक प्रभागातून एक बाई आणि एक पुरुष निवडून जातात. आमच्याकडून स्कोलाच्या भाचीचा नवरा क्लेमेन्स निवडून आला. बाई म्हणून मला उभं केलं, कारण नन्सनी घोटून घेतलेलं माझं अक्षर सगळ्यांना लागतं. प्रभागाची वही माझ्याकडे आली.

“पूर्वीचं सरकार समुद्रापलीकडे होतं,” स्कोला म्हणाली, “पोटभर शिव्या देता यायच्या. आताचं सरकार माझ्याच चुलीपाशी जेवायला बसतं.”

समेटाची तारीख ठरली, चौदा ऑगस्ट. बोनिफासने डुक्कर द्यायचं, दोघांनी मिळून दगड पुरायचा, एकत्र पानसुपारी खायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला जागा दाखवायची. स्कोलाने लाकडाची लहान पेटी करून घेतली. आत पांढरं कापड घातलं.

ऑगस्टच्या दहा तारखेला क्लेमेन्स आला. वरून मोठे पाहुणे यायचे होते, त्यांना जमत नव्हतं. आता ऑक्टोबर.

“पाहुणा माझ्या भावाला ओळखतो का, जावईबापू?”

“सासूबाई, पाहुणा आला की समेटाची नोंद होते. नोंद झाली की शाळेला छप्पर मिळतं.”

“मग छपरालाच बोलवा की! पाहुणा कशाला?”

तो हसला. ऑक्टोबरचं पुन्हा डिसेंबर झालं.

बोनिफासचा खोकला तोवर नदीच्या अलीकडे ऐकू येऊ लागला होता. तीन नोव्हेंबरला मी वही घेऊन त्याच्याकडे गेले. लहानपणी मिशनच्या शाळेत मीच त्याला शिकवलं होतं. तो कोकोच्या बिया उन्हात पसरत होता.

“बोनिफास, जागा मला सांग. मी लिहून ठेवते, विधी झाल्यावरच तिला देईन.”

“बाई, तुम्ही लिहाल ते सुंदरच असेल. पण हे तोंड तिच्यासमोर उघडायचं आहे. आधी तिसऱ्याला सांगितलं तर मी तिची आणखी एक वस्तू चोरली असं होईल.”

“आणि मध्येच काही झालं तर?”

“पंचवीस वर्षं नाही झालं. महिन्याभरात काय होणार?”

मी पेनाला टोपण लावलं. त्याचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. रीत तीच होती. एकोणीस तारखेला तो गेला.

डिसेंबरात पाहुणे आले, दोन गाड्या भरून. ‘आता तुमचं राज्य तुमच्या हातात’ असं त्यांनी तीनदा सांगितलं. बोनिफासच्या वतीने त्याच्या बहिणीने, अपोलोनियाने, डुकराची दोरी स्कोलाच्या हातात दिली. स्कोलाने डुकराकडे पाहिलंही नाही.

“तुला काही बोलला का तो?”

“मी विचारलं गं, ताई. जीभ जड झाली होती. नदीच्या वरच्या अंगाला हात केला.”

“वरच्या अंगाला कुठे?”

“हात केला, ताई. मग हातही खाली पडला.”

वरच्या अंगाला सगळा डोंगर आहे. तीन दिवस चाललं तरी रान संपत नाही.

दगड पुरला गेला. दोघींनी सुपारी चघळली. मी प्रभागाची वही उघडली आणि पेन तसंच हातात धरून बसले.

“लिहा ना, बाई,” क्लेमेन्स कुजबुजला, “पाहुण्यांना निघायचंय.”

मी स्कोलाकडे पाहिलं.

“लिहा, मावशी,” ती म्हणाली. “समेट पूर्ण झाला म्हणून लिहा. पोरांच्या पाट्यांवर पाणी गळतं.”

मी लिहिलं. तिने खाली सही केली.

छप्पर अजून आलेलं नाही. कागद वर गेला आहे, असं क्लेमेन्स सांगतो. स्कोला त्या वळणावर अजून पावलं सावकाश टाकते, झाडीकडे बघत क्षणभर थांबते आणि मग पुढे जाते. पेटीत मात्र ती काही ठेवू देत नाही.

गेल्या आठवड्यात अपोलोनिया पानात बांधून गलिपचे दाणे घेऊन आली. आता देणंघेणं चालतं. स्कोलाने दोन्ही हातांनी पुडी घेतली, तिला बसवलं, नारळाचं पाणी दिलं. ती गेल्यावर पुडी माझ्या मांडीवर ठेवली.

“तुम्ही खा, मावशी. माझं अजून सुटलेलं नाही.”

पुडी माझ्या वह्यांच्या फळीवर आहे. दाणे खवट व्हायला लागले आहेत.