भंडाऱ्यातले तीन पाणबुडे

भंडाऱ्यात राहून मी स्कूबा डायव्हिंग करतो, एवढं सांगितलं की किस्सा तिथंच सुरू होतो. समोरचा "काहून?" विचारतो आणि त्याचं ते विचारणंच किस्सा होऊन बसतं. असे कितीतरी साचलेत. सोबत हसणारे मात्र पांगले.

मालवणला काही वर्षं मी पर्यटकांना समुद्राखाली फिरवत होतो. बाबांचं ऑपरेशन झालं आणि भंडाऱ्याजवळच्या कारध्याला, घरी परत आलो. पाण्याशिवाय करमेना. मग वरठीच्या कारखान्यातला प्रमोद आणि पवनीची शाळामास्तरीण शालू, दोघांना शिकवलं. सुट्टी आली की आम्ही तिघं तलावात, धरणाच्या पाण्यात उतरायचो आणि तळाशी अडकलेली टाकून दिलेली जाळी, प्लास्टिक वर काढायचो. पगार नाही, फोटो नाही!

*

माझ्यासाठी मुलगी पाहायला आसगावला गेलो होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोरगा काय करते?"

आई साधी. म्हणाली, "पाण्यात राहते."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मंग आमची पोरगी कुठी राहीन?"



*

प्रमोदला पहिला धडा दिला होता, "तळाला पाय लावायचा नाही. गाळ उठला की माशांची अंडी दबतात. तरंगत राहायचं."

गडी खाली गेला तो धपकन उभाच राहिला! तलावभर चिखल. वर येऊन तोंडातली नळी काढली आणि म्हणाला, "अबे, खाली तं लोडशेडिंग हाय!"

*

एकदा जुन्या जाळ्यात कासव अडकलं होतं. शालूनं एकेक दोरा कापून ते सोडवलं. ते सरळ निघून गेलं, वळूनही पाहिलं नाही.

काठावर आल्यावर प्रमोद म्हणाला, "थँक्यू तं म्हणून जायचं ना लेकानं!"

शालू म्हणाली, "तू आपल्या आईले म्हणतोस का?"

प्रमोदची आई गावात एकटी राहायची. त्यानं डबा तसाच बांधला, मोटरसायकलला किक मारली आणि गावाकडं गेला. ड्युटी दुसऱ्या दिवशी होती.

*

नागपूरचे एक साहेब स्नॉर्केलिंग करायला आले. आल्या आल्या विचारलं, "कोरल कुठं आहे?"

मी म्हणालो, "कोरल नाही साहेब, शिंगाडे आहेत."

तेवढ्यावर भागलं असतं. पण परत जाताना त्यांनी शोकेससाठी एक शिंपला खिशात टाकला. शालूनं पाहिलं. "राहू द्या तिथंच. कोणाचं तरी घर आहे ते."

"अहो मॅडम, रिकामं आहे!"

"माझंही घर दिवसभर रिकामंच असते. उचलून न्याल का?"

साहेबांनी मुकाट्यानं शिंपला पाण्यात सोडला. प्रमोद आणि मी खूप हसलो. शालू नाही हसली.

*

पुढं शालूची बदली झाली. प्रमोदला ओडिशात जास्त पगाराची नोकरी लागली. पण डायव्हिंगचा नियम आहे, एकट्यानं उतरायचं नाही. जोडीदारानं तुमचं सामान तपासायचं, तुम्ही त्याचं.

एका रविवारी मी काठावर सगळं अंगावर चढवलं आणि प्रमोदला व्हिडिओ कॉल लावला. तो तिकडून तपासायला लागला.

"हवा?"

"हाय."

"बेल्ट?"

"हाय."

"जोडीदार?"

मी मोबाइल फिरवून त्याला रिकामा काठ दाखवला.

"आज नोको उतरू गड्या," तो म्हणाला.

मी काठावरच डबा खाल्ला आणि घरी आलो.

*

आणि एक आबाजी. त्यांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता मुलासोबत पुनर्वसनातल्या घरात राहतात. कोणाकडून तरी माझ्याबद्दल ऐकलं आणि हुडकत आले. म्हणाले, "मले पाण्यात पाहाचं हाय."

मी समजावलं, "आबाजी, पाणी गढूळ आहे. आपलाच हात दिसत नाही. गाव तर खूप खोल."

"पाहू तं दे."

हवेची टाकीबिकी देणं शक्यच नव्हतं. लाइफ जॅकेट घातलं, मास्क लावला, नळीतून श्वास घ्यायला शिकवलं. नावेतून त्यांनी सांगितलेल्या जागी गेलो. कशावरून ओळखली कोण जाणे, चारी बाजूंनी नुसतं पाणी! मी आधी उतरलो, मग त्यांना उतरवलं. त्यांनी माझा हात धरला आणि तोंड पाण्यात घातलं.

मीही घातलं. हिरवा अंधार. बाकी काही नाही.

आबाजी वर येईनात. नळीतून श्वास मात्र संथ चालू होता. मला भीती वाटायला लागली. हात दाबला, हलवला. शेवटी मोठ्यानं हाक मारली, "आबाजी! ओ आबाजी!"

त्यांनी डोकं वर काढलं, नळी बाजूला केली आणि माझ्यावर डोळे वटारले.

"हळू बोल ना बाबू! सारे जेवाले बसले हायेत."